परतलेल्यांचं माहेरपण

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या विभागात एका पाहुण्या प्राध्यापकांचं व्याख्यान संपलं आणि टाळ्या पडायच्या आत मागच्या रांगेतून टकटक असा आवाज आला. वर्षभर जर्मनीत ग्योटिंगनला राहून दहा दिवसांपूर्वी परतलेला माझा एक विद्यार्थी मूठ वळून बाकाच्या फळीवर पेरं आपटत होता. जर्मन विद्यापीठांत व्याख्यान संपलं की टाळ्या वाजवत नाहीत, असे बाक वाजवतात. वर्षभरात हाताला ती सवय लागली होती. आजूबाजूची पोरं वळून बघायला लागली, कोणीतरी फिसकन हसलं. त्यानं हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला. मग सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

तो झाकलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी पुण्यात गेली २७ वर्षं जर्मन शिकवते. डिसेंबर उजाडला की माझ्या टेबलावर शिफारसपत्रांच्या विनंत्या जमायला लागतात. कोणाला एका सत्रासाठी जायचं असतं, कोणाला वर्षासाठी, कोणाला उन्हाळ्यातल्या महिनाभराच्या वर्गासाठी. यातली बरीच मुलं पहिल्यांदाच विमानात बसणार असतात. त्यांची तयारी आम्ही जीव तोडून करून घेतो. अर्जाचं पत्र चार-चारदा लिहून घेतो, व्हिसाच्या मुलाखतीची तालीम घेतो, बँकेचे आणि आरोग्यविम्याचे कागद तपासतो, थंडीचे बूट इथून घ्यावेत की तिथं, यावरही खल होतो. निघायच्या आदल्या दिवशी मुलं पाया पडायला येतात. एकीच्या आईनं तर मुलीसाठी केलेल्या लाडवांतला अर्धा डबा माझ्याच हातात ठेवला होता.

परत येणाऱ्यासाठी आम्ही काय करतो? गुणपत्रकाची झेरॉक्स फाइलला लावतो. फलकावर अभिनंदनाचा कागद लागतो. नव्या मुलांना ‘अनुभवकथन’ म्हणून वीस मिनिटं बोलायला बोलावतो आणि त्यात व्हिसाला किती दिवस लागले, खोलीचं भाडं किती, एवढंच विचारलं जातं. म्हणजे तेही पुन्हा जाणाऱ्यांसाठीच.

हे मला कळायला हवं होतं, कारण मीही एकदा परत आले आहे.

१९९३च्या सप्टेंबरअखेर मी अशाच एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर ग्योटिंगनला गेले. कराडची मुलगी, पुण्यात जर्मन शिकायला आलेली. शिष्यवृत्ती मार्कांमध्ये मिळायची, युरो यायला अजून अवकाश होता. वसतिगृहात बारा खोल्यांना मिळून एक स्वयंपाकघर. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला, भिंतीवर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता. शनिवारी दुपारी दोनला दुकानं बंद झाली की सोमवारी सकाळपर्यंत गावात शुकशुकाट. रविवार जायचाच नाही. नोव्हेंबर लागला आणि साडेचारलाच अंधार पडायला लागला. दिवसा धुकं, त्यातून पुढचा सायकलवाला अचानक समोर यायचा. त्या महिन्यात मी घरी अकरा एरोग्राम लिहिले. फोन महाग, आणि आमच्या घरी तो नव्हताच. शेजारच्या किराणा दुकानात महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी दादा, म्हणजे माझे वडील, येऊन उभे राहायचे. फोनच्या कार्डावरचे आकडे भराभर उतरत असायचे आणि दादा विचारायचे, “जेवतेस ना वेळेवर?”

तिथल्या अभ्यासाबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मी एकच सांगते. पहिला मोठा निबंध मी पंधरा पानांचा लिहून दिला. इथल्या सवयीप्रमाणे चार पुस्तकं वाचून, चांगली चांगली वाक्यं गुंफून. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात जागोजागी एकच प्रश्न लिहिलेला होता: हे कोण म्हणतं? पहिल्या पानावर तीनदा, तिसऱ्या पानावर पाचदा. लाल शाई नाही, गुण कापल्याची खूण नाही, नुसता तो प्रश्न. मला आधी अपमान वाटला. मग एका रात्री बसून मी प्रत्येक वाक्यापुढे उत्तर लिहीत गेले. हे अमका म्हणतो. हे तमक्या पुस्तकात आहे. आणि नवव्या पानावर एक वाक्य असं निघालं की ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मी म्हणत होते. एकविसाव्या वर्षी, कागदावर, स्वतःचं म्हणावं असं ते माझं पहिलं वाक्य. माझी शिष्यवृत्ती त्या रात्री वसूल झाली असं मी आजही मानते.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला फ्रान्त्स कीलहॉर्न हे नाव भेटलं. हा जर्मन पंडित १८६६ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायला आला आणि पंधरा वर्षं राहिला. शिकवायला आला खरा, पण पुण्यातल्या अनंतशास्त्री पेंढारकरांपुढे स्वतः व्याकरण शिकायला बसला. पतंजलीच्या महाभाष्याची त्याची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. पुण्याहून तो परतला आणि ग्योटिंगनच्या विद्यापीठानं त्याला संस्कृतचा प्राध्यापक केलं. १९०८ साली मरेपर्यंत तो तिथं, पुण्याच्या शास्त्र्यांकडून उचललेलं व्याकरण शिकवत राहिला. डॉ. रा. गो. भांडारकरांना ग्योटिंगननं सन्मान्य डॉक्टरेट दिली तीही त्याच काळात, १८८५ साली. पुण्यात असताना येरवड्याच्या वाटेवर कितीदा तरी डेक्कन कॉलेजवरून गेले होते मी, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मात्र माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. परक्या देशात पंधरा वर्षं घालवून आलेल्या माणसाची ओंजळ त्या गावानं रिती होऊ दिली नाही. तू काय आणलंस ते दाखव, म्हणाले, आणि शिकवायला जागा दिली.

आमच्या मजल्यावर कझाकस्तानातून आलेली एक मुलगी राहायची. तिचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी जर्मनीतून रशियात गेलेले. सोव्हिएत संघ फुटल्यावर अशी लाखो कुटुंबं जर्मनीत परत यायला लागली होती. परत म्हणायचं, पण तिनं तर तो देश कधी पाहिलाच नव्हता. आजीकडून शिकलेली तिची जर्मन जुन्या वळणाची होती. स्वयंपाकघरात इतर मुलं तिचे शब्द ऐकून हसायची, म्हणून ती माझ्याशीच जास्त बोलायची. दोघींचीही जर्मन त्यांच्यासारखी नव्हती. ती फ्रीडलांडच्या छावणीतून आली होती. ग्योटिंगनच्या दक्षिणेला, लोकलनं थोड्याच अंतरावर हे खेडं आहे. महायुद्ध संपल्यावर १९४५ साली तिथं निर्वासितांसाठी छावणी उघडली. १९५५च्या ऑक्टोबरपासून सोव्हिएत छावण्यांत अडकलेले शेवटचे सुमारे दहा हजार जर्मन कैदी सुटून आले, तेही फ्रीडलांडलाच. मार्चमधल्या एका रविवारी ती मला तिथं घेऊन गेली. टेकडीवर काँक्रीटच्या प्रचंड उंच भिंतींचं स्मारक आहे, खाली छावणी आणि तिची घंटा. परतलेल्यांची गाडी आली की ती घंटा वाजवत असत, असं तिनं सांगितलं. दहा-दहा वर्षांनी परतलेल्या त्या माणसांना पुढे घरात, बायकामुलांत किती जड गेलं याच्याही गोष्टी जर्मन पुस्तकांत आहेत. पण निदान दारात एक घंटा होती. आलेला माणूस आला आहे, हे गावाला कळत होतं.

ऑगस्टमध्ये मी परत आले. सहार विमानतळावर घरची नऊ माणसं कराडहून भाड्याची ट्रॅक्स करून आली होती. आईनं पुरणपोळ्यांचा डबा आणला होता, तो आम्ही गाडीतच फोडला. पहिला आठवडा घर माणसांनी भरलेलं. बर्फ पाहिलास का? ते लोक भात खातात का? साडी नेसायचीस की पँट? चॉकलेटं वाटून झाली, वीस किलोंची बॅग रिकामी झाली, आणि माणसं आपापल्या कामाला लागली. मग माझे खरे दिवस सुरू झाले. दुपारी घरात निजानीज झाली की मला ते धुकं आठवायचं, ज्याचा तिथं इतका वैताग यायचा. फ्रिजमधला माझा कप्पा आठवायचा. ‘तिकडे असं असतं’ असं वाक्य तोंडातून निघालं की समोरच्याचा चेहरा आवळायचा, म्हणून मी ते वाक्य गिळायला शिकले. पुण्याच्या वर्गात एकदा सर काहीतरी ठाम विधान करत असताना मी मनापासून विचारलं, “सर, हे कोण म्हणतं?” वर्ग चिडीचूप. त्यानंतर वर्षभर मी तिथं ‘फॉरेन रिटर्न’ होते. तो शब्द कौतुकाचा नव्हता.

कचेरीत तर वेगळंच वाढून ठेवलं होतं. तिथल्या दोन सत्रांची गुणपत्रकं, प्राध्यापकांच्या सह्या, शिक्के, सगळं घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं कागद उलटेसुलटे करून पाहिले आणि परत सरकवले. आमच्या अभ्यासक्रमात हे विषय बसत नाहीत. एम.ए.चं पहिलं वर्ष मला नव्यानं करावं लागलं. ज्या विद्यापीठानं मला पाठवलं त्याच विद्यापीठाच्या लेखी मी वर्षभर कुठंच नव्हते.

पुष्कळ वर्षांनी मला सोफिया कोर्रादी या इटालियन बाईंची हकिकत वाचायला मिळाली. रोममध्ये कायदा शिकणारी ही मुलगी १९५७ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली, पदव्युत्तर पदवी घेऊन परतली, आणि तिच्या विद्यापीठानं ती पदवी मोजायला नकार दिला. वर चारचौघांत कानउघाडणीही झाली. बहुतेक जण असा अपमान पोटात घालतात आणि पुढच्या परीक्षेला बसतात. मीही तेच केलं. या बाईंनी तसं केलं नाही. पुढे जवळजवळ अठरा वर्षं त्या युरोपभर कुलगुरूंच्या, मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या मागे लागल्या, की मुलगा दुसऱ्या देशात शिकून आला तर ते शिक्षण घरी मोजलं गेलंच पाहिजे. १९८७ साली इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. आज ती जगातल्या सर्वांत मोठ्या देवाणघेवाण योजनांपैकी एक आहे. तिथं मुलानं निघण्यापूर्वीच दोन्ही विद्यापीठं आणि तो विद्यार्थी एका करारावर सह्या करतात: काय शिकणार, आणि परत आल्यावर ते कशाच्या जागी धरणार. पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक. परतीचा हिशोब जाण्याच्या आधी मांडून ठेवलेला. इतकी मोठी योजना कोणा मुत्सद्द्याच्या टेबलावर जन्मली असेल असं मला वाटायचं. ती जन्मली परत आलेल्या एका मुलीच्या अपमानातून.

कोलंबियातूनच परतलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याची कथा प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवी. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेब आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवलं. तिथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदा संस्थानची नोकरी करायची होती, म्हणून १९१७ साली परतले आणि बडोद्यात उतरले. तेव्हा त्यांना राहायला जागा कोणी देईना. एका पारशी सराईत पारशी नाव लावून ते राहिले आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या जमावानं त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाठी बागेत बसून राहिले. त्यांनीच हे लिहून ठेवलं आहे. परदेशात घालवलेल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसली गेली होती, आणि परतल्याबरोबर प्रश्न पडला तो जायचं कुठं हा, असंही त्यांनी लिहिलं आहे. माझ्या बुडालेल्या एका वर्षाची त्याच्याशी तुलना करण्याचं पाप मी करणार नाही. मी एवढंच म्हणते, की आपल्या देशात परतलेल्याच्या वाट्याला काय येऊ शकतं हे लिहून ठेवलेलं आहे, आणि आपण ते नीट वाचलेलं नाही.

कारण तीन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातला माझा एक विद्यार्थी एका सत्रासाठी जर्मनीला जाऊन आला. तिथल्या विद्यापीठाच्या खानावळीतलं जेवण, सायकल, ग्रंथालय, सगळ्याबद्दल थोडंथोडं बोलला. उठताना म्हणाला, “मॅडम, सहा महिन्यांत मला एकदाही कोणी पूर्ण नाव विचारलं नाही.” परत आल्यावर पुण्यात खोली शोधायला गेला, तर पहिल्याच दारात पहिला प्रश्न तोच होता. नाव सांगितलं. खोली आधीच दिली आहे, असं उत्तर मिळालं. पुढचे चार दिवस तो मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपला. त्याच्या शिष्यवृत्तीच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आता मी माझ्या आत्याबद्दल सांगते. ती सातवी शिकलेली. लग्न होऊन बेळगावला गेली आणि पंचवीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, कराडला परत आली. मी परतले त्याला अडीच-तीन महिने झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत दुपारी आम्ही दोघी पडवीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. बोलता बोलता तिनं मान वर न करता विचारलं, “तुझ्या खोलीच्या खिडकीतून काय दिसायचं गं तिथं?”

मला आधी काही सुचेना. मग म्हटलं, सायकली ठेवायची शेड. आणि बर्चचं एक झाड. त्याची साल पांढरी असते, कागदासारखी सुटते. ती म्हणाली, मग? मग नोव्हेंबरात पानं गेली की पलीकडच्या इमारतीतली एक म्हातारी दिसायची, रोज सहा वाजता दिवा लावून एकटी जेवायची. मग? आणि बोलता बोलता मी त्या धुक्याबद्दल सांगितलं, पेन्सिलीनं लिहिलेल्या प्रश्नाबद्दल सांगितलं, एका रात्री ताप आला आणि कझाकस्तानची ती मुलगी उशाशी बसून राहिली तेही सांगितलं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पायलीभर शेंगा फोडून झाल्या, ऊन पडवीतून अंगणात गेलं. त्या ‘मग?’खेरीज आत्या मध्ये एक शब्द बोलली नाही. शेवटी टरफलं सुपात भरताना म्हणाली, “माहेरपणाला आलेली पोर दोन दिवस नुसती झोपते बघ. तिसऱ्या दिवशी बोलते. तोवर कोणी थांबतच नाही.”

माहेरपण ही आपलीच रीत. गेलेली मुलगी परत येते, तिच्या हातून काम काढून घ्यायचं, तिला झोपू द्यायचं, आणि ती बोलेल तेव्हा जवळ असायचं. सगळ्याच मुलींच्या वाट्याला ते आलं असं नाही, आत्याच्याही आलं नव्हतं. पण परत येणं हे अवघड असतं आणि त्याला कोणाचा तरी वेळ लागतो, एवढं शहाणपण त्या रीतीत आहे. विद्यापीठांच्या कुठल्याही करारनाम्यात मला ते दिसलं नाही.

आजच्या मुलांचं परतणं आमच्यापेक्षा सोपं झालंय असं लोकांना वाटतं. रोज व्हिडिओवर बोलतात, खोली दाखवतात, बर्फ पडला की त्याच मिनिटाला घरच्यांना दिसतो. माझ्या मते त्यांचं उलट अवघड झालं आहे. घरच्यांना वाटतं, आपल्याला सगळं माहीतच आहे, विचारायचं काय? आणि मुलंही नोव्हेंबरचं रडू कॅमेऱ्यासमोर आणत नाहीत. आई काळजी करेल म्हणून कॅमेरा लावण्याआधी तोंड धुऊन येतात. एक मुलगी मला म्हणाली, वर्षभर मी आईशी रोज बोलले आणि आईला काहीच माहीत नाही.

त्या ऑगस्टच्या व्याख्यानानंतर मी त्या मुलाला घरी बोलावलं. चहा झाला, पोहे झाले, तासभर इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी आत्याचा प्रश्न विचारला. तो रात्री नऊपर्यंत बोलत होता. टेबलावर बोलता बोलता त्याची पेरं दोनदा वाजली, तेव्हा त्यानं हात झाकला नाही.

यंदापासून आमच्या विभागात मी एक करायचं ठरवलं आहे. परतलेल्या प्रत्येक मुलामुलीसाठी एक संध्याकाळ. नवे अर्जदार नकोत, फोटोंचा पडदा नको, वेळेचं बंधन नको. तीन-चार ऐकणारी माणसं आणि चहा. श्रेयांकांचं काम कचेरीशी भांडून करावं लागेल, तेही करू. आणि तुमच्या घरात, नात्यात, चाळीत, महाविद्यालयात असं कोणी परतलं असेल, तर त्याला पगाराचं पॅकेज आणि पुन्हा जायचं कधी, हे लगेच विचारू नका. दोन दिवस झोपू द्या. तिसऱ्या दिवशी शेजारी बसा, हातात काहीतरी निवडायचं-सोलायचं काम घ्या, आणि विचारा, खिडकीतून काय दिसायचं. मग मध्ये बोलू नका.